तबकाची ड्यूटी

"बाबा, साफ-साफ बताओ. जा रहे हो या नहीं?" पोळी वाढता वाढता गंधालीने विचारलं.

"जाऊन तर राहिलो न," नरहर म्हणाला. "ड्यूटी आहे."

"ड्यूटी नहीं. डिग्री लेने."

नरहरने वरणात पोळी बुडवली. गेले आठ महिने जेवण म्हणजे त्याला एक उरकायचं काम झालं होतं. मीठ कमी पडलं तरी कळत नसे. गंधाली त्याची एकुलती एक लेक, पंडरीच्या कापडबाजारातल्या एका दुकानात साड्या दाखवायला असायची. इथल्या हिंदी मुलखातच वाढल्यामुळे मराठी तिला सगळं समजायचं, पण तोंड उघडलं की हिंदी.

नरहर विद्यापीठात शिपाई होता. दीक्षांत समारंभात पदव्यांचं तबक धरायचं काम वर्षानुवर्षं त्याचंच. लाल मखमलीचं ते तबक घेऊन प्रमुख पाहुण्यांच्या डाव्या हाताला उभं राहायचं, पुढची पदवी त्यांच्या हाताशी येईल असं पाहायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. पाहुणे दरवर्षी नवे असत, भाषण बहुतेक जुनंच.

यंदा त्या तबकात त्याची स्वतःची बी.ए.ची पदवीही येणार होती. हा उपद्व्याप त्याच्या बायकोचा, शांताचा. "दुसऱ्याईच्या डिगऱ्या किती दिवस धरता? एक आपली आना न," असं म्हणून तिने त्याला बाहेरून परीक्षेला बसवलं होतं. संध्याकाळी ती भाजी निवडायची आणि तो मोठ्याने वाचायचा. पेंगला की ओरडा खायचा. शेवटचा पेपर झाला आणि निकाल लागायच्या आत ती गेली. काविळीचं निमित्त झालं. निकालाच्या दिवशी नरहरने मार्क पाहिले, मोबाइल खिशात टाकला आणि साहेबांना चहा नेऊन दिला.

"तुह्या आईचं वर्ष झालं नाही अजून," तो आता म्हणाला. "वर्षाच्या आत डोक्यावर डिगरीची पगडी घालून मिरवू काय?"

वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सण नाही, गोडधोड नाही, हे खरंच होतं. पण गंधाली एवढ्यावर गप्प बसणारी पोट्टी नव्हती.

"आई का नाम मत लो. फॉर्म उसी ने भरवाया था," ती म्हणाली. "असली बात बताओ."

नरहरने ताट पुढे सारलं.

"घरच्यांसाठी दोन पास भेटतात," तो म्हणाला. "एक तुले. तुह्या बाजूची खुर्ची रिकामी राहीन. रांगेत बसलो तर मले तेच पाहत बसावं लागन. तबक धरलं की माणूस तबकाकडे पाहते. बस."

गंधालीने ताटं उचलून मोरीत नेली आणि नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागातल्या भार्गव साहेबांनीही गळ घातली. ते मूळचे नागपूरचे, नरहरशी मराठीतच बोलत.

"तबक दुसरा कोणी धरन. तू रांगेत बस न बाप्पा."

"नको साहेब. गैरहजर लिहा."

साहेबांनी लिहिलं. नरहर क्षणभर तिथेच थांबला. निदान आता तरी काही वाटेल, असं त्याला वाटलं होतं. काही वाटलं नाही. मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढावा आणि कळू नये, तसं झालं होतं त्याचं.

समारंभ ठरल्याप्रमाणे उशिरा सुरू झाला. कानांवर उतरलेल्या पगड्या सावरत पोरंपोरी एकेक करून मंचावर आली. आईबाप मोबाइल उंचावून उभे राहिले. नरहर तबकाकडे पाहत होता. तबक हळूहळू रिकामं झालं.

मग कुलसचिव माइकपाशी आले. "जो स्नातक आज अनुपस्थित हैं, उन्हें भी उनकी अनुपस्थिति में यह उपाधि प्रदान की जाती है."

हे वाक्य नरहरने इतक्या वर्षांत कधी नीट ऐकलंच नव्हतं. ते आलं की चहाकडे बघायला पळायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्या वाक्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. समोर माणूसच नाही तर वाजवणार कोणासाठी? लोक पिशव्या आवरायला लागले होते.

तेवढ्यात मागून टाळ्या ऐकू आल्या. एकाच माणसाच्या. शेवटच्या रांगेत गंधाली उभी होती आणि थांबायचं नावच घेत नव्हती. पुढच्या रांगेतले माना वळवून पाहायला लागले.

"कौन है वो?" प्रमुख पाहुण्यांनी हळूच नरहरला विचारलं.

"मेरी बेटी है, साहब."

"अच्छा. किसके लिए?"

नरहरने शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"घर में एक जन पास हुआ है," तो म्हणाला, आणि रिकामं तबक दोन्ही हातांनी धरून, टाळ्या थांबेपर्यंत तिथेच ताठ उभा राहिला.