पद्मावतीचा बर्फ

"सरला, लाईट गेली मां गो?"

रेडीच्या बाजारातल्या मेडिकलच्या पायरीवर माशांची पाटी टेकवत पद्मावतीने विचारलं. आत सरला फ्रिजसमोर उभी होती. पहाटेच्या वाऱ्यात तार तुटली होती आणि वायरमन दुपारशिवाय येणार नव्हता. फ्रिजमध्ये फ्लूच्या लशीचे तीस डोस होते. थर्मामीटर सात अंशांवर आला होता. आठच्या वर गेला की सगळे फुकट. आणि टोचायला शिरोड्याहून डॉक्टर यायचे अकराला.

या डोसांसाठी तीस नावं सरलाने महिनाभर काउंटरवरून जमवली होती. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या म्हाताऱ्यांना, दमेकऱ्यांना, मासे विकणाऱ्या बायकांना थांबवून थांबवून. फक्त पद्मावती बधली नव्हती. गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे तापाने अंथरुणावर होती, तरी सुईचं नाव काढलं की उठून जायची.

"बरफ व्हयो काय?" पद्मावती म्हणाली.

"व्हयो. पण लशीक थेट लागता नये, मावशे. गोठली तरी ती वाया जाता."

"माझ्या सुंगटांपरीस नाजूक दिसता." पाटीतल्या कोळंबीकडे बोट दाखवून ती गेली आणि बंदरावरून बर्फाची कोरी लादी घेऊन आली.

दोघींनी बर्फ फोडून पिशव्यांत भरला, पिशव्या टॉवेलात गुंडाळल्या, थर्माकोलच्या पेटीत मधोमध थर्मामीटरसकट डोस ठेवले. सरला दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत होती. पद्मावतीला वाचता येत नव्हतं, पण ती पायरीवरून हलली नाही.

"किती झाला?"

"पाच."

"आता?"

"चार. एक पिशवी काढ बघू."

चाळीस वर्षं मासळी राखलेल्या हातांनी पद्मावतीने पिशवी अलगद उचलली.

डॉक्टरांनी आल्या आल्या कागद पाहिला, पेटी पाहिली. "छान सांभाळलंत. सगळे वापरता येतील." सरलाला हसू आवरेना. बाराच्या आत एकोणतीस जणांचं टोचून झालं. यादीतल्या मंगेशला ताप होता, त्याला नंतर ये म्हणून परत पाठवलं. एक डोस उरला.

"मावशे, घे गो तू."

पद्मावतीने पेटीकडे पाहिलं, मग सरलाकडे. "सगळो गाव तुझ्या तोंडावर खोकता. तू घेतलंस?"

यादीत सरलाचं नाव नव्हतंच.

"मगे हो डोस तुझो. पुढच्या खेपेक पयला नाव माझा लिव. येतंय मी."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. सोळा वर्षांत पहिल्यांदाच सरला काउंटरच्या या बाजूला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि तिने बाही वर सरकवली. तेवढ्यात कोणीतरी डोकेदुखीची गोळी मागायला आलं. पद्मावती काउंटरमागे जाऊन उभी होती.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "बाय बसली आसा."