चारला एक चतकोर कमी

"हे घ्या बाई, तुमच्याकडंच ठेवा," म्हणत सुजितने काखेतलं भिंतीवरचं घड्याळ गोदाच्या पुढ्यात ठेवलं. त्याच्या दुसऱ्या हातात त्याच्या मुलीचा, उन्नतीचा, दंड होता. मी कोपऱ्यात पुठ्ठ्याची घड्याळं कापत बसलो होतो. माझी कात्री थांबली.

शनिवारची दुपार होती. गोदा, माझी बायको, नोकरीतून निवृत्त झाली तरी तिचं शिकवणं सुटलं नाही. विठ्ठलवाडी डेपोमागच्या आमच्या चाळीत, आमच्याच पुढच्या खोलीत पहिली-दुसरीची मुलं तिच्याकडे येतात. त्या आठवड्यात घड्याळ चाललं होतं. गोदा भाकरीचे चार चतकोर करून ताटात मांडते. तीनपासून मोठा काटा एक चतकोर पुढे गेला की सव्वातीन, दोन गेले की साडेतीन. तीन गेले की चारला एक चतकोर कमी, म्हणून पावणेचार. सरलेले चतकोर मुलं गुळाशी खातात. ही युक्ती मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही, आणि मी पुष्कळ वाचलं आहे.

"झालं काय, सुजित?" गोदाने विचारलं.

"काल माझी गाडी गेली. लेट मार्क. साहेबाने सगळ्यांसमोर झापला मला. कशामुळे? तर हिने घरातल्या घड्याळाचे काटे फिरवले."

उन्नतीने मान खाली घातली. तिच्या शेजारी बसणारी जिज्ञासा मात्र पटकन म्हणाली, "बाई, ती मला बोलली होती. त्यांचं घड्याळ खोटं बोलतं."

"आमचं पण खोटं आहे," हितेश म्हणाला. "पंधरा मिनिट."

"आमचं तर वीस," मागून आणखी एक पोरगा ओरडला.

"अरे गप बसा रे," सुजित म्हणाला. "खोटं नाय ते. पुढे लावलेलं आहे. सगळेच लावतात, बाई. दहा मिनिटं पुढे असलं की माणूस पळतो. सकाळी एका हातात ब्रश, एका हातात डबा, मोबाईल कोण बघत बसतो? भिंतीकडे बघायचं नि सुटायचं. काल बघितलं, वाटलं टाइम आहे. मग काय, गाडी गेली."

गोदाने ते घड्याळ उचलून मांडीवर घेतलं. "उन्नती, काटे कसे लावलेस गं?"

उन्नती हळूच म्हणाली, "मोबाईलवर सात आणि दोन शून्य झाले. तेव्हा लावले. मोठा बारावर, छोटा सातवर."

"बरोबर लावले का तिने, सुजित?"

"बरोबरचा प्रश्नच नाय ना, बाई..."

"मी तेवढंच विचारते आहे."

गोदाने पुठ्ठ्याच्या घड्याळावर पावणेचार लावले आणि ते उन्नतीपुढे धरलं. "हे किती वाजले?"

"माहीत नाही."

वर्गात पावणे सगळ्यात आधी कळलं होतं ते हिला. गोदाने सुजितकडे पाहिलं. "काय बोललास हिला काल?"

"ओरडलो जरा. अक्कल नाय म्हटलं तुला. पुन्हा घड्याळाला हात लावलास तर बघ म्हटलं."

मला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण माझी वाक्यं जुळेपर्यंत प्रसंग निघून जातो, हा माझा जन्माचा अनुभव. गोदाला जुळवावं लागत नाही.

"सुजित, तुझी गाडी सोमवारी पुन्हा येणार," ती म्हणाली. "पण हिला आज तू काही सांगितलं नाहीस, तर ही पुन्हा घड्याळाकडे बघायची नाही. आणि ते मला दुसऱ्यांदा शिकवता येत नाही."

सगळी मुलं सुजितकडे बघत होती. त्याने उगाच शर्टाची बाही वर सारली, खाली केली. मग तो मुलीसमोर उकिडवा बसला.

"तू बरोबर लावलेलं," तो म्हणाला. "मीच चुकीचं लावून ठेवतो. सवय आहे ती." थोडं थांबून म्हणाला, "पण मला सांगायचं ना, येडे."

"तुम्ही झोपला होता."

मुलं हसली. तोही हसला, आणि गोदाच्या हातातलं पुठ्ठ्याचं घड्याळ घेऊन त्याने विचारलं, "मग हे किती?"

"पावणेचार," उन्नती म्हणाली. "चारला एक चतकोर कमी आहे."

"हे घेऊन जा," गोदाने त्याचं घड्याळ त्याला परत दिलं. "आणि सोमवारी सकाळी वेळ हिला विचार. ही सांगेल."

पुन्हा काखेत घड्याळ घेऊन तो निघाला, तेव्हा उन्नती त्याच्या पुढे चालत होती. गोदा दारापर्यंत जाऊन त्या दोघांकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

मुलं गेल्यावर मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं. गोदा मागून आली आणि भिंतीवरच्या आमच्या घड्याळासमोर थांबली. दादरच्या ग्रंथालयात नोकरी होती तेव्हा माझ्या गाडीसाठी मी ते पाव तास पुढे लावलं होतं. नोकरी संपून वर्षं झाली. घड्याळाला कोणी हात लावला नव्हता.

"अहो, स्टूल आणा," ती म्हणाली.

मी स्टूल घट्ट धरून उभा राहिलो. हातातल्या मोबाईलकडे बघत तिने काटे मागे घेतले आणि पदराने काच पुसली.

"आता बरोबर," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याला धरून खाली उतरली.

आता आमच्या चहाच्या वेळेला एक चतकोर अवकाश होता. मी गॅस बंद केला, आणि आम्ही दोघं बसून राहिलो.