कडेबाहेरची रेघ

शेवटच्या त्या दुपारी लेक चहा घेऊन कामाच्या खोलीत आली, तेव्हा बाबा बंदुकीच्या दस्त्यावर जाळी कोरत होते. अक्रोडाच्या लाकडावर दातेरी कोरणीने तिरप्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या दुसऱ्या रेघा, की बारीक टोकदार चौकडे उठत. दिसायला देखणे, पण खरं काम पकडीचं. घामेजला हात घसरता कामा नये. रेघ मात्र कडेच्या आत थांबली पाहिजे. "बाहेर गेली की लाकूड चहाडी करतं," बाबा म्हणत.

"काय म्हणते तुझी आत्या?"

"म्हणते, दादाला सांग, आता पुरे. डोळ्यांच्या खाचा झाल्यात."

"तिला सांग, जाळी डोळ्यांनी कोरत नाहीत. तिची जीभ थांबली की माझा हात थांबेल."

हसतच ते हात धुवायला गेले. दस्ता बाकावर आवळलेला होता, एक कोपरा तेवढा राहिला होता. लहानपणी त्यांनीच तिला कोरणी धरायला शिकवली होती. तिचे हात शिवशिवले. पहिली रेघ सुरेख गेली. दुसरी मात्र कड ओलांडून नखभर पुढे गेली.

बाबांनी येऊन सवयीने जाळीवरून अंगठा फिरवला. कडेपाशी तो अडला, आणि कितीतरी वेळ तिथेच चाचपत राहिला.

"घ्या! लोकांचे हात घसरू नयेत म्हणून जन्मभर झटलो, आणि घसरला कुणाचा?"

तिने तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, बरंच झालं, आता तरी विसावतील. आत्याला डोकं खाऊन जे जमलं नाही, ते आयतंच जमत होतं. ती कपबशी उचलून आत गेली. बाबांनी एकेक कोरणी पुसून फडक्यात गुंडाळली. सकाळी ते उठलेच नाहीत.

आठवड्याने बंदुकांचा दुकानदार दस्ता न्यायला आला. उजेडात धरून त्याने तो निरखला.

"शेवटी शेवटी हात गेला होता हो त्यांचा," तो हळहळला. "चालायचंच. वय कुणाला चुकलंय?"

"तेच मनाला लावून घेतलं दादाने," आत्या डोळे पुसत म्हणाली.

लेकीने दस्ता त्याच्या हातून घेतला. अंगठा कडेवर टेकवला.

"हात नव्हता गेला." ती म्हणाली, "बाबांचा हात नव्हता गेला. ही रेघ माझी आहे. मी ओढली. आणि त्यांना ती त्यांची वाटू दिली."