आमदारसाहेब बसून राहिले तो दिवस

सभात्याग करावा तर आमदारसाहेबांनीच! बाकीचे सदस्य सभागृहातून निघायचे ते बस चुकेल अशा घाईनं. साहेब उठले, की प्रेक्षक गॅलरीतली माणसं पुढं सरकून बसायची. आधी कागद बाकावर आपटायचे, मग चष्मा काढायचे, दाराशी जाऊन गर्रकन वळायचे, "निषेध!" एवढंच म्हणायचे आणि बाहेर. बाहेर म्हणजे कँटीनमध्ये. चहा पिऊन झाला की परत. नवे आमदार त्यांच्याकडे शिकवणीला यायचे, खोटं नाही सांगत. "दार आपण ढकलायचं नाही रे," साहेब सांगायचे, "शिपायानं उघडायला हवं. स्वतः ढकललंस तर रुसलेला जावई दिसतोस."

घरातही तीच तऱ्हा. भाजी खारट झाली की साहेब ताटावरून उठलेच. बायको मान वर न करता म्हणायची, "निघालाच आहात तर येताना दूध आणा." एकदा न्हाव्याशी वाद झाला आणि साहेब अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर पडले. दुपारी त्याच गालानं दोन उद्घाटनं केली.

या उठण्यात एक पूल मात्र अडकला होता. पहिल्या निवडणुकीत टेबलावर चढून साहेब गरजले होते, "नदीवर पूल झाल्याशिवाय पलीकडच्या काठावर पाऊल ठेवणार नाही!" टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की साहेबांची थोरली बहीण, अक्का, त्याच पलीकडच्या काठावर दिलेली आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. घरी आल्यावर बायकोनं आठवण करून दिली. पण बाण सुटला होता. तोंडातून गेलेला शब्द माघारी घ्यायचा तर पुढारी कशाला व्हायचं?

तिकडचा प्रचार मग साहेब अलीकडच्या काठावरून लाउडस्पीकर लावून करायचे. वारा उलटा असला की पलीकडं फक्त "बंधू आणि भगिनींनो" पोचायचं. मतं मात्र भरभरून पडायची. अक्काच्या मुलांच्या लग्नांना साहेबांनी इकडूनच माइकवर आशीर्वाद दिले. अक्काचा नवरा गेला तेव्हा काठावर उभे राहून ढसाढसा रडले, तेही माइक चालू ठेवून, तिला ऐकू जावं म्हणून.

आणि पूल होणार कसा? पुलाचं विधेयक साहेबच मांडायचे. मंत्री काहीतरी लागट बोलायचे, साहेब तडक उठायचे. तिथला नियम असा, की मांडणारा जागेवर नसेल तर विधेयक बारगळलं. कँटीनमधून परत येईपर्यंत पूल वाहून गेलेला असायचा. दर वेळी हेच. जनता म्हणायची, साहेब पुलासाठी किती भांडतात बघा!

अक्का आता थकली होती. भावाला भेटायला तीच होडीनं यायची; होडीवाले तिला उचलून चढवायचे. गेल्या खेपेला ती स्पष्टच बोलली, "आता माझ्याच्यानं होत नाही. अजून एकदा येईन, तुझ्या शेवटच्या बैठकीला. मग तू ये. नाहीतर आपली भेट संपली म्हण."

तो दिवस उजाडला. साहेबांना पुढची निवडणूक लढवायची नव्हती, विधानसभेची मुदत संपत आलेली, अधिवेशनाचा शेवटचा दिवस. आज पूल मंजूर झाला नाही तर कधीच नाही. ते दोन्ही पक्षांच्या हातापाया पडले. सगळे हो म्हणाले. साहेबांनी फक्त बसायचं होतं.

वर गॅलरीत बायको डोळे वटारून बसली, शेजारी अक्का. बांधकाम मंत्री उठले. "सन्माननीय सदस्य पूल मागतात की चहा, हे आम्हाला इतक्या वर्षांत कळलेलं नाही." सभागृह खो खो हसलं. साहेबांचे गुडघे आपसूक सरळ व्हायला लागले. त्यांनी दोन्ही हातांनी बाक पकडला. घाम फुटला, ओठ चावले, पण साहेब बसून राहिले. मंत्री शेवटी म्हणाले, "असो. सरकारची हरकत नाही." गॅलरीत अक्कानं डोळ्याला पदर लावला.

अध्यक्ष मत घेणार, एवढ्यात साहेबांच्याच पक्षाचा नेता उठला. "अध्यक्ष महोदय, साहेबांची आज शेवटची बैठक. हारतुरे त्यांना आवडत नाहीत. म्हणून आम्ही दोन्ही बाजूंनी ठरवलंय, त्यांना त्यांच्याच पद्धतीनं मानवंदना द्यायची."

आणि अख्खं सभागृह उठलं. कागद आपटले गेले. चष्मे निघाले, ज्यांना चष्मा नव्हता त्यांनी शेजाऱ्याचा काढला. एकेक जण दाराशी जाऊन गर्रकन वळत होता, "निषेध!" म्हणत होता. मंत्रीसुद्धा गेले. ते कुणाचा निषेध करत होते देव जाणे. एकानंही दार स्वतः ढकललं नाही.

"अरे बसा!" साहेब ओरडले. "बसा रे गाढवांनो, मत द्यायचंय!"

"गहिवरलेत बिचारे," नेता म्हणाला आणि बाहेर पडला.

सभागृहात उरले अध्यक्ष आणि साहेब. अध्यक्षांनी घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. कँटीनमध्ये साहेबांच्या नावानं टाळ्या चालल्या होत्या, त्यात घंटा कुणाला ऐकू जाणार? पुरेसे सदस्य नाहीत तर मत नाही. "माझा नाइलाज आहे," अध्यक्ष पुटपुटले आणि बैठक कायमची संपली.

बायकोचा हात धरून अक्का खाली आली तरी साहेब बाक घट्ट धरून बसलेलेच.

"अक्का, मी उठलो नाही गं," ते लहान मुलासारखे रडत म्हणाले. "तू बघितलंस ना? मी उठलो नाही."

"बघितलं." अक्कानं त्यांची बोटं एकेक करून बाकावरून सोडवली. "मेल्या, पूल कुणाला हवा होता? मला भाऊ हवा होता. तुझ्या त्या शब्दापायी माझ्या घरचं घोटभर पाणी प्यायला नाहीस तू."

साहेब बाहीला नाक पुसून सावकाश उठले. जन्मभर त्या नदीवर भाषणं ठोकली होती, आता मात्र बहिणीकडं बघायचीही लाज वाटत होती.

"अक्का," त्यांनी विचारलं, "होडी कुठून सुटते गं?"