रस्त्यापलीकडचा सॅक्सोफोन

ऑव्हिड फ्रूजेचा सॅक्सोफोन असा दणदणीत, की त्यानं युनिस गावात फुंकला की दहा मैलांवरच्या दलदलीतल्या मगरी जोडीदार शोधायला निघत. यात फार तर दोन मगरी माझ्या पदरच्या.

सत्तावन्न साली नाचघरांत रॉक अँड रोल घुसलं. ऑव्हिड दारूच्या काउंटरवर चढून, पाठीवर लोळत वाजवायचा. लोक ग्लास उचलून त्याला वाट देत. पण रेकॉर्डवर तो कुठेच नव्हता. शेवटी त्याची बायको एलोदी म्हणाली, "एक रेकॉर्ड. त्यात तू ऐकू आलास, तर वाजव म्हातारा होईपर्यंत. नाहीतर ती ऐकली की लगेच सोमवारपासून माझ्या भावाच्या भातगिरणीत."

बुटांच्या दुकानामागं क्लेबरची रेकॉर्डिंगची खोली होती. माइक एकच, म्हणून ज्याचा आवाज मोठा त्यानं मागं उभं राहायचं. ऑव्हिडनं पहिली फुंक मारली आणि यंत्राचा काटा वाकला.

"मागं हो."

झाला.

"अजून रे बाबा!"

होता होता गडी दाराबाहेर, मग रस्ता ओलांडून न्हाव्याच्या पायरीवर.

"आता कसा गोड लागतोस!" क्लेबर खिडकीतून ओरडला. "मी हात हलवला की तुझी पाळी."

हात हलला, नेमका तेव्हाच भाताचा ट्रक मध्ये येऊन थांबला. ऑव्हिडला दिसली नुसती पोती. आत गिटारवाल्यानं घाबरून सॅक्सोफोनसाठी ठेवलेली मोकळी जागा भरून काढली. ड्रायव्हरनं भोंगा दाबला, ट्रक हलला, आणि त्याच क्षणी ऑव्हिडनं जीव खाऊन एक सूर मारला. गाणं संपलं.

"परत घेऊ!" तो धावत आला.

"कशाला? गिटार झकास आलीय."

रेकॉर्ड तुफान चालली. गावोगाव गिटारवाल्यांना बोलावणी. रेडिओवाला तर शेवट यायच्या आतच साबणाची जाहिरात सुरू करी. म्हणून एका रविवारी दुपारी ऑव्हिडनं एलोदीला नाचघरात, नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्ससमोर बसवलं.

"गप्प बसा रे सगळे! आता... आता..."

भों.

"ऐकलंस? तो मी!"

एलोदीनं तोंडातला घास गिळला. "खरं सांग हं. तू, की ट्रक?"

"मीच! म्हणजे... थांब." त्यानं पुन्हा नाणं टाकलं. चार वेळा टाकलं.

सोमवारी गिरणीत त्याला तोच ट्रक भरायला दिला. पोत्याला हात लावण्याआधी त्यानं खिडकीतून भोंगा दाबून पाहिला.

"मेल्याचा सूरही तोच!" म्हणत त्यानं चाकाला लाथ घातली, आणि पोतं उचललं.