धानवीरचा दुसरा अंक

प्रत्येक महानायकाची खरी परीक्षा त्याचा खलनायक घेतो. आमच्या धानवीरची परीक्षा गुणाबाईंनी घेतली आणि तो नापास झाला.

धानवीर हा सिंदेवाहीचा पहिला महानायक. इथल्या भात संशोधन केंद्राच्या प्रयोगाच्या वाफ्यातले कच्चे तांदूळ खाऊन त्याला शक्ती येते. चित्रं धनराजची, संवाद माझे, छपाई लग्नपत्रिकावाल्या प्रफुलची. खलनायक नखाड्या, म्हणजे अर्धा वाघ, अर्धं भूत. पहिला अंक संपतो तेव्हा धानवीर कोरड्या विहिरीत पडलेला असतो आणि काठावर नखाड्या बसलेला असतो. शिवाय मधल्या पानात नखाड्याचं पोस्टर फुकट. फुकटची कल्पना माझी.

शंकरपटात, बैलांच्या शर्यतीच्या गर्दीत, अंक हातोहात खपला. धनराजनं आजवर दुसऱ्यांच्या नाटकांच्या पडद्यांवर राजवाडे रंगवले होते. स्वतःची म्हणावी अशी ही त्याची एकच गोष्ट. दुसऱ्या अंकात धानवीर नखाड्याला मारणार, हे त्यानं पहिलं पान काढायच्या आधीच ठरवलं होतं.

मग एकदा आम्ही तलावापलीकडच्या गावात गेलो. शिवेवर मोहाखाली वाघोबाचा दगड आहे. दगडामागे, झाडाच्या बुंध्याला, आमचं पोस्टर. शेंदूर फासलेलं. पुढे नारळ, उदबत्ती, आणि वाघोबाचं सगळं बघणाऱ्या गुणाबाई.

"बाई, हा राक्षस आहे," धनराज म्हणाला. "मीच काढला."

"तुह्या हातून त्यानं काढवून घेतला. लावल्यापासून वाघ तलावावर आला नाई."

"पुढच्या अंकात मरून राह्यला तो."

"कोन मारते?"

"धानवीर."

"तो विहिरीतला पोट्टा?" गुणाबाईंनी वात सारखी केली. "त्याले आंधी बाहेर तं येऊ दे."

दुसऱ्या दिवशी प्रफुलनं हात वर केले. "त्या गावच्या साऱ्या पत्रिका मायाकडं येते, भाऊ. मी देव मारला तं लग्नं ब्रह्मपुरीले छापतीन."

धनराज तहाला तयार झाला. मारामारी नको. नखाड्या काठावरून नुसता उठून जाईल, धानवीर वर येईल. आम्ही पुन्हा गुणाबाईंकडे गेलो.

"उठून कुठी जाईन?" त्यांनी विचारलं. "गावात?"

महानायकांच्या इतिहासातला पहिला तह तिथंच मोडला.

शेवटी धनराजनं चिडून नखाड्याच्या मरणाचं पान रंगवलंच. छापायचं नव्हतं, नुसतं रंगवलं. त्याच आठवड्यात वाघानं गुणाबाईंच्या गावातल्या कोलूचं वासरू नेलं. कोलू पोलिसांकडे गेला नाही, वनखात्याकडे गेला नाही; सरळ धनराजच्या दारात आला.

"काऊन धनराजभाऊ, काढलं का त्याचं मरन?"

धनराज खोटं बोलला असता, पण बोटं अजून रंगानं लाल होती.

"अरे, पोस्टर असूनही वाघ आला ना," मी म्हणालो. "म्हणजे पोस्टरचा काही उपयोग नाही."

"नुसतं पोस्टर होतं तवा नाई आला. पान काढलं तवा आला," कोलू म्हणाला. "तुमी शिकलेले लोक, भाऊ. तुमाले काय सांगू."

पान फाडेपर्यंत तो दारातच बसून राहिला. धनराजनं फाडलं. कोलूनं तुकडे सोबत नेले, बाईंना दाखवायला.

दुसरा अंक निघाला नाही. प्रफुल आता नुसतं पोस्टर छापतो, लॅमिनेशन करून. आसपासच्या गावांतून मागणी आहे. कोपऱ्यातलं धनराजचं नाव त्यानं काढलं, कारण देवावर कोणाचं नाव नसतं. धानवीर विहिरीत आहे.