चौथं ताट

वॉरेन टेटलोची नाटकं कुणाला कळत नसत, आणि न्यूयॉर्कात त्याचं नाव झालं होतं ते त्याच जोरावर. चर्चच्या तळघरातल्या साठ खुर्च्यांच्या थिएटरात त्याचं नवं नाटक लागलं होतं. एक बाई दीड तास जेवणाचं टेबल मांडते, माणसं तीन आणि ताटं चार, आणि मधूनमधून विचारते, "तो अजून हातच धुतोय का रे?" लोकांची हसता हसता पुरेवाट व्हायची.

ते वाक्य वॉरेनच्या आईचं होतं. धाकटा मुलगा लाइल कोरियाच्या लढाईत मारला गेला, तेव्हापासून ओहायोतल्या घरी ती रोज संध्याकाळी चौथं ताट मांडायची. वॉरेन सुट्टीला घरी जायचा, तिचं बोलणं मुकाट ऐकायचा आणि वरच्या खोलीत जाऊन शब्दन् शब्द वहीत उतरवायचा. एवढ्या मेहनतीने केलेली चोरी त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती. आणि आज आई न कळवता बसने आली होती. तिसऱ्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन बसली होती.

खेळ संपला की नाटककाराने प्रेक्षकांशी बोलायचं, ही तिथली रीत. एका चष्मेवाल्याने विचारलं, "ते चौथं ताट कुणाचं हो?"

वॉरेनने आईकडे पाहिलं. लाइलचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागणार होता? पण मग नाटक साधं रडकं ठरलं असतं, आणि तो साधा चोर.

"कुणाचंच नाही," तो म्हणाला. "काही अर्थ नाही त्याला."

सगळे हसले. आईही हसली, जरा उशिराच.

वॉरेनबरोबर बाहेर पडताना नाटकातलं बाईचं काम करणारी रोझलिन आईपाशी आली. ही वॉरेनची आई, हे तिला ठाऊक नव्हतं. "आवडलं का, काकू?"

"छान केलंस गं. फक्त त्या चौथ्या ताटाला सुरी डावीकडे ठेव. तो डावखुरा होता."

"कोण डावखुरा?"

आईने वॉरेनकडे पाहिलं. शरमेने त्याची कानशिलं तापली होती, मान वर होत नव्हती, आणि एवढं होऊनही तोंडातून भावाचं नाव निघत नव्हतं. तिने थोडी वाट पाहिली. मग पुढे होऊन त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली.

"कोणी नाही गं," ती रोझलिनला म्हणाली. "हा म्हणाला ना, काही अर्थ नाही म्हणून."